बोटीवरचा पंक्तिप्रपंच : तुमचे प्रश्न, ताईची उत्तरं

मागच्या अंकात क्रूझवर केबिन कशी निवडायची यावर लिहिलं होतं, तेव्हा मला वाटलं आता लोक विचारतील सामान किती न्यायचं, बोट लागली तर गोळी कुठली घ्यायची वगैरे. पण पत्रं उघडली तर निम्म्याहून जास्त पत्रांत एकच ठसठस, की एकाच बोटीवर त्यांना वेगळं आणि आम्हाला वेगळं का. मी नऊ वर्षं बोटीवर रिसेप्शनच्या काउंटरमागे उभी होते, हा प्रश्न मला रोज कोणीतरी विचारायचं, कधी रागाने कधी हळू आवाजात, आणि तिथे मला हसून ठरलेलं उत्तर द्यावं लागायचं. इथे तसं काही बंधन नाहीये.

प्रश्न : ताई, आम्ही तिघं भावंडं आईच्या ७५व्या वाढदिवसाला क्रूझ करतोय. दादाने सूट (म्हणजे बोटीवरची मोठी, महागडी खोली) घेतलाय आणि आई त्यांच्याच सूटमध्ये तिसरी म्हणून आहे. मी आणि धाकटी बहीण आपापल्या घरच्यांसोबत आतल्या बिनखिडकीच्या केबिनमध्ये, कारण आमचं बजेट तेवढंच. आता वहिनी म्हणतात सूटवाल्यांचं रेस्टॉरंट वेगळं असतं, तिथे तुम्हाला येता येणार नाही, तुम्ही खाली जेवून घ्या, आपण नंतर भेटू. आईचा वाढदिवस आणि आम्ही नंतर भेटायचं? दादाशी कसं बोलू? – धुसफुसणारी मधली

उत्तर : मधली, आधी एक सांगते, वहिनी खोटं बोलत नाहीयेत. बऱ्याच मोठ्या बोटींवर आता सूटवाल्यांचा आख्खा वेगळा भाग असतो, धंद्यातले लोक त्याला बोटीतली बोट म्हणतात. एमएससी या क्रूझ कंपनीने २००८ मध्ये फँटासिया या बोटीवर यॉट क्लब काढला, नॉर्वेजियन कंपनीचा हेवन आहे, सेलिब्रिटी कंपनीचा रिट्रीट आहे, नावं वेगळी पण साचा एकच. स्वतःचं रेस्टॉरंट, स्वतःचा लाउंज, उन्हात पडायला स्वतःचा डेक, बटलर, आणि कॉन्सिअर्ज म्हणजे तुमची सगळी बुकिंगं बसल्या जागी करून देणारा माणूस. दार तुमच्या केबिनच्या कार्डाने उघडतं, कार्ड चालत नसेल तर दार उघडत नाही, कोणी अडवत नाही कोणी बोलत नाही, नुसता लाल दिवा लागतो. (तो लाल दिवा लोकांना जितका लागतो तितका माणसाचा नकारही लागत नाही, हे मी काउंटरवरून बघितलंय.)

आणि तिथल्या रेस्टॉरंटमध्ये बहुतेक ठिकाणी पाहुणा नेता येत नाही, जास्तीचे पैसे भरतो म्हटलं तरी नाही. लोकांना याचाच राग येतो की अहो पैसे देतोय ना. पण तिथे विकायला ठेवलेली वस्तू जेवण नाहीच आहे, जेवण थोडंफार उजवं असेल, विकायची वस्तू आहे कमी माणसं, आणि प्रत्येक सूटवाल्याने चार पाहुणे आणले तर ती वस्तूच संपली ना. म्हणून तिथे हट्ट करून उपयोग नाही आणि दादालाही करायला लावू नका, तोंडघशी पडेल बिचारा.

पण वहिनी अर्धंच सांगतायत. खालून वर जायला बंदी आहे, वरून खाली यायला कोणाचीच ना नाही! सूटवाल्याला मुख्य डायनिंग रूममध्ये बसायचा पूर्ण हक्क असतो, त्यांच्या भाड्यात ते जेवणही धरलेलंच असतं. तेव्हा तुमचं घोडं बोटीच्या नियमापाशी अडलेलंच नाही, ते घरातच अडलंय.

आता काय करायचं तर आत्ताच, बोटीवर चढायच्या आधी, एजंटला किंवा कंपनीला फोन करून तिन्ही बुकिंगं एकमेकांना जोडून घ्या, लिंक करा असं म्हणायचं, आणि मुख्य डायनिंग रूममध्ये सगळ्यांचं एक मोठं टेबल एकाच वेळेचं मागा. वेळेचे दोन प्रकार असतात, एक रोज ठरलेल्या वेळी ठरलेलं टेबल आणि दुसरा कधीही या, तर तुम्ही ठरलेली वेळ घ्या, कारण दहाबारा माणसांना ऐनवेळी एकत्र बसवायला वेटरच्या नाकी नऊ येतात आणि मग तुम्हाला दोन टेबलांवर तोडतात. हे झालं की दादाला एवढाच मेसेज, "आईच्या वाढदिवसाचं जेवण खाली मोठ्या हॉलमध्ये, सगळ्यांचं एकत्र बुक केलंय, टेबल नंबर पाठवते." सूटच्या रेस्टॉरंटचा विषयच काढायचा नाही. बाकीच्या दिवशी त्यांना वर जेवायचं तर जेवू दे की, त्यांनी त्याचे पैसे मोजलेत, आणि रोज सातही दिवस सगळ्यांनी एकत्र जेवलंच पाहिजे असा आग्रह धरलात तर भांडण वेगळ्या कारणाने होईल.

आईंचं म्हणाल तर त्या सूटमध्ये तिसऱ्या असल्या तरी त्यांचं कार्ड पूर्ण सूटवालं असतं, कमी भाड्याची माणूस म्हणून कमी हक्क असं नसतं. म्हणजे त्या कुठेही जाऊ शकतात, तुम्ही त्यांच्याकडे जाऊ शकालच असं नाही. जिथे सूट इतर केबिनांसारखाच साध्या कॉरिडॉरमध्ये असतो तिथे दुपारी त्यांच्या बाल्कनीत जाऊन बसायला कोणी हरकत घेत नाही, पण जिथे सगळा भागच कार्डाच्या दाराआड आहे तिथे पाहुण्यांनाही बंदी असू शकते, हे आधीच विचारून ठेवा. एकदा एक बाई माझ्या काउंटरला आल्या होत्या, चौथा दिवस होता, मला म्हणाल्या वर जायचा तासाभराचा पास मिळेल का हो, माझी मुलगी वर आहे. असा पास नव्हता. मी वर फोन करून मुलीला खाली बोलावलं तर ती म्हणाली अगं आई मला वाटलं तुला झोप हवी असेल. चार दिवस एका बोटीवर होत्या दोघी. तुमच्या घरात असं होऊ नये म्हणून रोजची एक भेटायची जागा आणि वेळ पहिल्याच दिवशी ठरवा, म्हणजे मेसेज पोचला नाही, नेट नव्हतं, ही कारणंच उरत नाहीत.

प्रश्न : मला बोट लागते. मिस्टर म्हणतात चांगला महागातला सूट घेऊ, सगळ्यात वरचा, पुढच्या बाजूचा, म्हणजे तुला त्रास होणार नाही. खरंय का? – गोळ्या घेऊन बसलेली

उत्तर : अगदी उलटं आहे. बोट हलते ती झोपाळ्यासारखी नाही तर सी-सॉ सारखी, मधे कमी आणि टोकाला जास्त, आणि जितकं वर जाल तितकं डावं-उजवं डुलणं जास्त. सगळ्यात कमी हलणारी जागा म्हणजे लांबीच्या मध्यावर खालच्या डेकवर, आणि तिथे बरेचदा स्वस्तातल्या केबिनाच असतात. समुद्राला दर्जा कळत नाही बाई. मिस्टरांना सांगा उरलेले पैसे माझ्याकडे द्या. गंमत म्हणजे जुन्या जहाजांवर हे बरोबर ओळखलेलं होतं, टायटॅनिकवर पहिल्या वर्गाच्या खोल्या मध्यभागी होत्या आणि तिसऱ्या वर्गाच्या पुढच्या नि मागच्या टोकाला.

प्रश्न : मी कॉलेजात इतिहास शिकतो. टायटॅनिकवर तिसऱ्या वर्गाच्या लोकांना कुलूप लावून कोंडलं होतं असं सगळे सांगतात. हे खरं का? आणि तेव्हाचे वर्ग जर गेले होते तर आता परत कसे आले? – विद्यार्थी

उत्तर : छान प्रश्न आणि याला जरा वेळ देते.

दारं आणि फाटकं होती हे खरं. पण त्याचं मोठं कारण अमेरिकेचा इमिग्रेशनचा कायदा होता, तिसऱ्या वर्गातले लोक स्थलांतरित, त्यांच्यामार्फत रोग येतील म्हणून त्यांना बाकीच्या प्रवाशांपासून वेगळं ठेवायचं असा नियम होता. तोच प्रकार बंदरात. न्यूयॉर्कला पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाची तपासणी साधारणपणे जहाजावरच उरकायची आणि ते थेट शहरात उतरायचे, आणि तिसऱ्या वर्गाला बोटीत घालून एलिस बेटावर न्यायचे, तिथे रांगा, डॉक्टर, प्रश्न. एलिस बेटाचं ते केंद्र १८९२ ला सुरू झालं. म्हणजे वर्ग नुसता जेवणाचा नि गादीचा नव्हता, देशात शिरायचा दरवाजासुद्धा तिकिटावर ठरायचा.

१९१२ मध्ये टायटॅनिक बुडालं त्या रात्री काय झालं तर आकडेच बोलतात. पहिल्या वर्गातले साधारण ६० टक्के वाचले, दुसऱ्यातले ४० च्या आसपास, तिसऱ्यातले २५. पहिल्या वर्गातल्या जवळजवळ सगळ्या बायका वाचल्या आणि तिसऱ्या वर्गातल्या निम्म्यासुद्धा नाही. ब्रिटिश चौकशीत मुद्दाम भेदभाव केला असं काही ठरलं नाही, पण मुद्दाम करायची गरजच काय होती? लाइफबोटी वरच्या डेकवर, तो डेक पहिल्या-दुसऱ्या वर्गाच्या वावरातला, खालच्यांना तिथवर जायची वाट माहीत नाही, पाट्या वाचता येत नाहीत अशीही माणसं, संकटात कुठे जमायचं याची कवायत प्रवाशांना कधी दिलेली नाही आणि २० बोटींत मिळून जागा १,१७८, माणसं २,२०० च्या वर. जहाजाची रचनाच माणसं निवडत गेली. कुलूप नसतं तरी फार काही बदललं असतं असं मला वाटत नाही.

पुढे १९२४ च्या कायद्याने अमेरिकेने स्थलांतरितांची संख्या फार कमी केली आणि जहाज कंपन्यांच्या त्या खालच्या खोल्या रिकाम्या पडल्या. मग काय, त्याच खोल्या जरा साफसूफ करून, पडदे लावून टुरिस्ट थर्ड केबिन या नावाने विद्यार्थ्यांना नि शिक्षकांना विकल्या. (नाव बदलून तीच खोली विकायची ही युक्ती इतकी जुनी आहे.) मग आली जेट विमानं, १९५८ पासून अटलांटिकवर जेट उडायला लागली आणि कुठेतरी पोचण्यासाठी जहाजाने जाणारा माणूस संपत आला. क्वीन एलिझाबेथ टू हे जहाज आधी तीन वर्गांचं म्हणून आखलं होतं, बांधता बांधता दोन वर्गांचं केलं आणि १९६९ ला पाण्यात फिरायला लागलं. त्याच सुमाराला नुसतं मजेसाठी फिरवणाऱ्या नव्या कंपन्या निघाल्या, रॉयल कॅरिबियन १९६८, कार्निव्हल १९७२, आणि त्यांचा मोठा मुद्दाच हा की इथे वर्ग नाहीत, खोली लहानमोठी असेल पण दाराबाहेर सगळे सारखे, सगळ्यांना एकच हॉल, एकच पूल, एकच शो.

मग परत कसे आले? माझं मत सांगते. बोटी फुगल्या म्हणून आले. १९८८ ची सॉव्हरिन ऑफ द सीज ७३,००० टनांच्या आसपासची होती आणि तिला तेव्हा लोक राक्षसी म्हणायचे, २०२४ ची आयकॉन ऑफ द सीज २,४८,६६३ टनांची आहे, २० डेक, आणि खोलीत दोघं धरले तर ५,६१० प्रवासी, भरगच्च भरली तर ७,६००. एवढी माणसं एका जागी आणली की गर्दी आणि रांग हे आपोआप तयार होतं, आणि जे आपोआप तयार होतं त्यापासून सुटका विकता येते. म्हणजे एकाच दुकानात दुखणं पण आणि मलम पण. हे मी कडू होऊन म्हणत नाहीये, हिशोब तसा आहे, एका सूटचं भाडं अनेक साध्या केबिनांएवढं येतं आणि मोठ्या बोटीमुळे साधी केबिन स्वस्त राहते, मधलीच्या बजेटात क्रूझ बसते ती थोडीफार त्यामुळेच.

जुन्या पद्धतीत मात्र एक प्रामाणिकपणा होता, तिकिटावर तिसरा वर्ग असं छापलेलं असायचं. आता वर्ग हा शब्दच कोणी उच्चारत नाही, कार्डाचा रंग असतो, दाराचं नाव असतं. क्युनार्ड कंपनीवाले त्यातल्या त्यात सरळ, त्यांच्या २००४ च्या क्वीन मेरी टू वर तुमची खोली ठरली की रेस्टॉरंट ठरलं, वरच्यांना क्वीन्स ग्रिल नि प्रिन्सेस ग्रिल, बाकीच्यांना ब्रिटानिया, आणि ते लपवतही नाहीत.

लपवायचं कारण काय असावं यावर एक छान अभ्यास आहे, विमानांवरचा. कॅथरिन डीसेल्स आणि मायकेल नॉर्टन या दोघांनी २०१६ मध्ये विमानांतल्या भांडणांच्या नोंदी तपासल्या, तर ज्या विमानांत फर्स्ट क्लास होता तिथे मागच्या वर्गात भांडणं जास्त, आणि जिथे मागच्यांना फर्स्ट क्लासमधून चालत जावं लागतं तिथे आणखी जास्त. आणि तशा विमानांत फर्स्ट क्लासवाल्यांचीसुद्धा भांडणं वाढलेली! त्यांच्या आकडेमोडीवर पुढे आक्षेपही घेतले गेले, पण काउंटरवरचा माझा अनुभव त्याच बाजूचा आहे. नवी बोट आखणारे वरच्यांचा डेक असा ठेवतात की खालून तो दिसतच नाही, लिफ्ट वेगळी, जिना वेगळा. जे दिसत नाही त्याचा राग येत नाही. राग येतो तो थिएटरात पहिल्या दोन ओळी रिकाम्या, त्यावर राखीव पाट्या आणि मागे लोक उभे, तेव्हा.

प्रश्न : वरचं वाचून भीतीच वाटेल अशी शंका आहे, पण आजसुद्धा बुडायची वेळ आली तर लाइफबोटीत सूटवाले आधी का? – खालच्या डेकवरचा

उत्तर : नाही. तुमच्या कार्डावर एक अक्षर किंवा नंबर असतो, ती तुमची जमायची जागा, मस्टर स्टेशन म्हणतात, आणि ती ठरते तुमची खोली बोटीत कुठल्या भागात आहे त्यावर. प्रीमियम लाइफबोट नावाची वस्तू अजून कोणी काढलेली नाही (त्यांना सुचवू नका). आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे लाइफबोटी आणि तराफे मिळून जागा बोटीवरच्या एकूण माणसांपेक्षा जास्त लागतात, टायटॅनिकसारखं निम्म्यांना असं चालत नाही.

पण कवायत चुकवू नका. जानेवारी २०१२ मध्ये कोस्टा कॉनकॉर्डिया इटलीच्या जिग्लिओ बेटाजवळ खडकावर आदळली, ३२ माणसं गेली, आणि त्या संध्याकाळी चढलेल्या प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती कारण तेव्हा २४ तासांत केली तरी चालायची. त्यानंतर नियम बदलला, आता बोट सुटायच्या आधी किंवा सुटता सुटता ती घ्यावीच लागते. कवायतीला न येणाऱ्यांच्या नावांची यादी माझ्याकडे यायची आणि त्यात सूटवाले आणि साधे केबिनवाले दोघंही असायचे, त्या बाबतीत सगळे एका माळेचे मणी.

प्रश्न : माझे एक काका सतत सांगतात मी डायमंड आहे, मी डायमंड आहे. आम्ही पहिल्यांदाच चाललोय तर ते आम्हाला कस्पटासमान लेखतात. हे डायमंड प्रकरण काय आहे? – नवखा

उत्तर : अरे वा, तुमच्याकडे पण आहेत का एक! बोटीवर दोन प्रकारचे मोठे लोक असतात, एक पैशाने मोठे म्हणजे सूटवाले आणि दुसरे रात्रींनी मोठे म्हणजे वारंवार येणारे, आणि या दोघांचं एकमेकांशी अजिबात पटत नाही. सूटवाला म्हणतो मी जास्त भाडं भरलं, जुना माणूस म्हणतो तू आज आलास, मी वीस वर्षं येतोय.

रॉयल कॅरिबियनचं उदाहरण घ्या, त्यांच्याकडे साध्या खोलीत एका रात्रीचा एक पॉइंट, सूटमध्ये दोन. ३० ला प्लॅटिनम, ५५ ला एमराल्ड, ८० ला डायमंड, १७५ ला डायमंड प्लस आणि ७०० ला पिनॅकल. आता ७०० म्हणजे सात रात्रींच्या शंभर सहली, हिशोब करा. डायमंडला रोज चार ड्रिंक्स कार्डावर फुकट मिळतात, बाकी छोट्यामोठ्या सवलती, एखादा लाउंज. आणि आईवडलांचं स्टेटस मुलांना लागतं, त्यामुळे आठ वर्षांचा डायमंड मी पाहिलाय, चॉकलेट मिल्क पीत होता.

काकांची दुखरी नस अशी की डायमंड आता फार झालेत. सगळेच वरचे झाले की वर राहतंच काय? लाउंजमध्ये संध्याकाळी बसायला जागा नाही म्हणून मला तासतास बोलणी खावी लागायची. कंपन्यांनाही कळलंय की स्वस्त केबिनमध्ये राहून रात्री मोजणाऱ्यापेक्षा खर्च करणारा बरा, कार्निव्हलने २०२५ मध्ये जाहीर केलं की त्यांची पद्धत २०२६ पासून रात्रींवरून खर्चाकडे जाणार, तेव्हा जुन्या लोकांनी काय आरडाओरडा केला होता. काकांसमोर हा विषय हळूच काढून बघा, कस्पट वगैरे विसरतील.

प्रश्न : सूट परवडत नाही पण अगदी शेवटच्या रांगेतही नको. थोडे पैसे टाकून घेण्यासारखं काय आणि टाळण्यासारखं काय? आणि ते बोली लावून अपग्रेड मिळतं ते खरं का? – मध्यममार्गी

उत्तर : आधी स्वतःला विचारा की मला नेमकी कुठली रांग सहन होत नाही. कारण ही सगळी पॅकेजं शेवटी एकेक रांग विकतात. लवकर बोटीवर चढणं ही एक रांग, मुक्कामाला बोट धक्क्याला न लागता समुद्रात उभी राहते आणि छोट्या बोटीने किनाऱ्यावर नेतात, सँटोरिनीला किंवा ग्रँड केमनला असतं तसं, ती दुसरी रांग, पूलच्या खुर्च्या तिसरी, उतरताना चौथी.

लवकर चढायचे पैसे देऊ नका असं माझं सरळ मत. तुम्ही चढलात तरी खोल्या तयार नसतात, मग सगळे बॅगा घेऊन बुफेत जाऊन बसतात आणि तिथे जी काय जत्रा असते! त्या दिवशी दुपारी मुख्य डायनिंग रूम किंवा एखादी छोटी खाण्याची जागा उघडी असते का ते विचारा, लोकांना माहीत नसतं, शांतपणे जेवाल. छोट्या बोटीच्या रांगेचं मात्र ज्यांच्याबरोबर म्हातारी माणसं आहेत त्यांनी बघावं, उन्हात तासभर उभं राहणं वाईट. तिथे एक साधा रस्ता असा की कंपनीचीच सहल घेतली तर तो गट आधी सोडतात.

खुर्च्यांसाठी पैसे मागणारे वेगळे डेक असतात, मोठ्यांसाठीचे, निवांत. घ्यायच्या आधी फुकटातलं काय आहे ते बघा, कार्निव्हलवर सेरेनिटी नावाचा फक्त मोठ्यांचा भाग फुकट आहे. आणि बोट बंदराला लागलेली असते त्या दिवशी सकाळी दहानंतर बोटीवर राहून बघा, पूल रिकामा, लिफ्ट रिकामी, सूटवाल्यांना जे पैसे देऊन मिळतं ते तुम्हाला त्या दिवशी तसंच मिळतं. माझ्या सुट्टीच्या तासात मीही हेच करायचे, अर्थात आम्हाला प्रवाशांच्या पूलमध्ये उतरायची परवानगी नव्हती, नुसतं कठड्याला टेकून बघायचं.

ड्रिंक्सचं पॅकेज घेताना एक नियम वाचा, बहुतेक कंपन्यांत खोलीतल्या एका मोठ्या माणसाने घेतलं की दुसऱ्यालाही घ्यावं लागतं, मग तो पीत असो नसो. यावरून नवराबायकोची भांडणं माझ्या काउंटरवर झालेली आहेत, दोघांचीही बाजू बरोबर होती.

बोलीचं खरं आहे. रॉयल कॅरिबियन, नॉर्वेजियन वगैरेंकडे तुम्ही वरच्या खोलीसाठी रक्कम लिहून ठेवता, जागा उरल्या आणि त्यांना पटलं तर देतात आणि तुमच्या कार्डावरून पैसे आपोआप जातात. दोन गोष्टींत लोक फसतात, एक तर रक्कम माणशी असते, खोलीची नाही, म्हणजे दोघांची दुप्पट. आणि दुसरं, वरची खोली म्हणजे वरचे सगळे हक्क असं नसतं, रॉयल कॅरिबियनने तर सूटमध्येच सी, स्काय आणि स्टार अशा तीन पायऱ्या केल्यात, स्टारवाल्याला रॉयल जिनी नावाचा हरकाम्या मिळतो आणि सी वाल्याला नाही. त्यामुळे सूटमध्ये जाऊनसुद्धा अजून एक दार तुमच्यासाठी बंदच असतं. बोली लावताना कुठल्या पायरीची लावताय ते बघा. आणि खोलीची जागा तुम्ही निवडू शकत नाही, नाइट क्लबच्या बरोबर खाली आली तर तक्रार करायची सोय नाही.

प्रश्न : आम्हाला बोलीतून सूट मिळाला आणि त्याच्याबरोबर बटलर. मला फार अवघडल्यासारखं होतंय. माझ्या वडलांच्या वयाचा माणूस माझी बॅग रिकामी करू का विचारतो. त्याला काय सांगायचं असतं? टिप किती? आणि खाली राबणाऱ्यांचं काय? – अवघडलेला

उत्तर : अवघडू नका, त्यानेही तुमच्यासारखे अवघडलेले शेकडो बघितलेत. बॅग नको असेल तर नको म्हणा, त्याचं काम वाचतं. त्याला द्यायची कामं म्हणजे रेस्टॉरंटची वेळ बदलून घेणं, सकाळचा चहा-कॉफी खोलीत, इस्त्री, उतरायच्या दिवशी गर्दीतून बाहेर काढणं.

बटलर हा बोटीवरच्या नोकरीत बराच वरचा माणूस असतो हे लोकांना माहीत नसतं. पंक्तिप्रपंच तुमच्यातच आहे असं समजू नका, आमच्यात तुमच्यापेक्षा जास्त. ऑफिसरांचा मेस वेगळा, स्टाफचा वेगळा, क्रूचा वेगळा, खांद्यावरच्या पट्ट्या मोजून कोण कुठल्या डेकवर फिरू शकतो ते ठरतं. मी काउंटरवाली म्हणून मला प्रवाशांच्या भागात फिरता यायचं आणि कपडे धुणाऱ्या मुलांना नाही, ती पाण्याच्या पातळीखाली राहायची आणि सूर्य बघायला क्रूच्या छोट्या डेकवर यायची. खाली बोटीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक लांबलचक कॉरिडॉर असतो, त्याला बरेच क्रूवाले आय-नाइन्टीफाइव्ह म्हणतात, अमेरिकेतल्या हायवेवरून, तिथून सामान, कचरा, जेवण, माणसं सगळं धावत असतं आणि वरती तुम्हाला चाकाचा आवाजसुद्धा येत नाही. कागदावर नियम आहेत, २००६ चा मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन म्हणजे बोटीवरच्या कामगारांसाठीचा आंतरराष्ट्रीय करार २०१३ पासून लागू आहे, त्यात २४ तासांत किमान १० तास आणि सात दिवसांत ७७ तास विश्रांती धरलीये. म्हणजे सातही दिवस काम, आख्ख्या सुट्टीचा दिवस हा प्रकार करार संपेपर्यंत बहुतेकांना नसतो.

टिपेचं असं की रोजची ठरावीक रक्कम बहुतेक बोटींवर तुमच्या बिलात आपोआप लागते आणि सूटवाल्यांची थोडी जास्त लागते, त्यात बटलर धरलाय का हे कंपनीगणिक वेगळं, रिसेप्शनला विचारा, विचारायला लाजू नका. ती रक्कम काउंटरवर येऊन काढून टाकणारे लोक असतात आणि खरं सांगते, त्यात सूटवाले कमी नसायचे. वर हातात काही द्यायचं असेल तर तुमच्या मनावर, पण पहिल्या दिवशी थोडं आणि शेवटी थोडं असं नका करू, त्यांना ते सौदा केल्यासारखं वाटतं, शेवटच्या रात्री एकदाच द्या. खोली साफ करणाऱ्याला विसरू नका, सूटमध्ये दोघं वेगळे असतात आणि सगळे फक्त बटलरलाच देतात.

आणि शेवटी अभिप्रायाचा फॉर्म येतो तो भरा. पुढच्या कराराच्या वेळी, बढतीच्या वेळी तो बघतात. त्यात त्या माणसाचं नाव नीट लिहा, त्याच्या कोटावरच्या पट्टीवर असतं, स्पेलिंगसकट उतरवून घ्या. "सूटमधले ते काका फार चांगले होते" असे फॉर्म माझ्याकडे ढिगाने यायचे आणि ते कुठले काका हे शोधायला मला रात्री दोन वाजले तरी जमायचं नाही.